हलगी, भोंगा आणि आपला आवाज

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तेव्हा तुम्हीही चार पानं लिहा, असा आग्रह कमिटीतल्या मंडळींनी धरला. आम्ही गिरणीत काम करणारी माणसं. शाळा दहावीलाच सुटली. पुढचं जे काही शिकलो ते रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा विद्वानांसारखं लिहिता येणार नाही, चूकभूल पदरात घ्यावी. पण एक विषय बरीच वर्षे डोक्यात घोळतो आहे. तो विषय आवाजाचा आहे. गोंगाटाचा म्हणा हवं तर.

लिहायला कारणही तसंच घडलं. मागच्या भीमजयंतीला मिरवणूक विहाराच्या वळणावर आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजेच्या खोक्यांची भिंत उभी केलेली. पत्रे थरथरत होते. वस्तीतल्या एका म्हातारीच्या छातीत धडधडायला लागलं म्हणून बायकांनी तिला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. आम्ही पुढं होऊन पोरांना म्हणालो, बाबांनो, जरा बारीक करा. त्यातला एक पोरगा, पोरगा तसा गुणी, आमच्या कानाशी तोंड आणून ओरडला, "काका, तुम्हाला तर ऐकूच येत नाही, मग तुम्हाला कसला त्रास?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही. पोराचं म्हणणं अर्धं खरं होतं. राहिलेल्या अर्ध्याचं उत्तर तिथं, त्या गलक्यात देता आलं नाही. ते इथं देतो.

एकच शब्द, दोन अर्थ

आपल्या मराठीची गंमत बघा. माणसाच्या गळ्यातून निघतो तोही आवाज आणि रस्त्यावर ट्रक कर्कश हॉर्न मारतो तोही आवाजच. अन्यायाविरुद्ध माणूस "आवाज उठवतो" आणि साहेब टेबलावर हात आपटून म्हणतो, "आवाज नको." शब्द एकच. त्याचा मान कुठला आणि अपमान कुठला, हे बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण यावर ठरतं.

गोंधळ हा शब्द घ्या. आपल्याच जिल्ह्यात तुळजापूर आहे. भवानीचा गोंधळ म्हणजे संबळ, तुणतुणं, पोत आणि रात्रभर चालणारं गाणं. गोंधळी लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कला. आणि तोच शब्द आपण रोज कशाला वापरतो? वर्गात पोरांनी कल्ला केला की मास्तर म्हणतात, काय गोंधळ लावलाय! ज्याला त्यातला ताल कळतो त्याला ती कला वाटते, ज्याला कळत नाही त्याला गडबड. ऐकणारा शिकलेला असो की नसो, हा भेद तो कानानं कमी आणि मनानं जास्त करतो.

आणखी एक पाहा. तबला "वाजवतात", पण हलगी "बडवतात". दोन्हींवर कातडंच ताणलेलं. पखवाजाचं कातडं ज्या हातांनी कमावलं त्या हातांना देवळाच्या पायरीखाली उभं राहून कीर्तन ऐकावं लागलं. कातडं आत गेलं, माणूस बाहेर राहिला. म्हणजे विटाळ कातड्याला नव्हता.

हुकमाचा आवाज

आता आपल्या घरातली गोष्ट सांगतो. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या आजोबांकडे वेसकरकी होती. गावच्या वेशीवर राखण करायची, कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी सांगावा घेऊन पळायचं, अंमलदार आला की घोड्यापुढं धावायचं, दवंडी पिटायची. आजी सांगायची, तुझ्या आज्याचा आवाज पांढरीच्या पार टोकाला जायचा. आम्हाला लहानपणी त्याचा अभिमान वाटायचा. मोठेपणी कळलं की सगळ्या गावात पोचणाऱ्या त्या आवाजात आजोबांचा स्वतःचा एकही शब्द नव्हता. हुकूम पाटलाचा, सारा सरकारचा, मयत दुसऱ्याच्या घरचं. स्वतःचं म्हणून जे तोंडातून निघायचं ते एवढंच, "जोहार, मायबाप." तेही लांबून.

केरळात तर याहून पुढची तऱ्हा होती. पुलया आणि नायाडी लोकांना रस्त्यानं जाताना ओरडत जावं लागे, म्हणजे वरच्या जातीचा माणूस समोर असेल तर त्याला आधीच कळावं. माणसाचा आवाज म्हणजे धोक्याची घंटा! जगाच्या पाठीवर असा आवाजाचा उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

आमच्या भागात हलगी बहुतेक मातंग बांधवांच्या गळ्यात होती. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. बलुत्याचं धान्य त्यावरच अवलंबून. तेव्हा वाजवणारा कलावंत असला तरी तो बांधलेला कलावंत होता.

ही बांधणी तोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं. आणि आपल्या जिल्ह्याचं भाग्य असं, की २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे इथं महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथं स्वतः आले. तडवळे आपल्या वाशीपासून फार लांब नाही. परिषदेच्या नावातच महार आणि मांग दोघेही होते, ही गोष्ट आज आपापल्या गल्लीत वेगवेगळे झेंडे लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दवंडीवाला आणि हलगीवाला दोघे एका मांडवाखाली बसले आणि आता दुसऱ्याच्या हुकमानं ओरडायचं नाही, वाजवायचं नाही, हा विचार दोघांनी ऐकला.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिलं पाक्षिक काढलं त्याचं नाव 'मूकनायक' ठेवलं. मुक्यांचा नायक. मुके म्हणजे जीभ नसलेले नव्हेत. दवंडी पिटणारे आजोबाही मुकेच होते.

स्वतःच्या आवाजात

मग हा मुका समाज बोलू कसा लागला? आधी गाण्यातून. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याच्या विचारांचे जलसे पुढं गावोगाव फिरले. तमाशाचाच बाज, पण गणात देवाऐवजी विवेकाला वंदन आणि वगात शेटजी-भटजींची झडती. तोच धागा धरून १९३१ च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळ नेण्याचं काम या जलशांनी केलं. दिवसभर राबून आलेला माणूस भाषणात पेंगेल, पण ढोलकीवर थाप पडली की ताठ बसतो.

आपल्या शेजारच्या बार्शीचे अमर शेख आठवा. जन्म १९१६ चा. गिरणीत राबलेला माणूस. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक काढलं. त्यांच्या पहाडी आवाजाला मोठ्या मैदानातही लाउडस्पीकरची गरज पडत नसे, असं ऐकलेली माणसं सांगत. आणि वामनदादा कर्डक! सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मले, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि २००४ साली गेले तोवर हजारो गाणी मागं ठेवून गेले. खेड्यापाड्यात कंदिलाच्या उजेडात ही गाणी म्हटली गेली. पुढं कॅसेटा आल्या, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज टेपरेकॉर्डरवरून घराघरात शिरला. आमच्या खोलीत भाकरी कमी आणि कॅसेटा जास्त होत्या, असं आमचं मंडळ अजूनही टोचून बोलतं.

स्वतः बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. एवढा कामाचा डोंगर डोक्यावर असताना त्यांना सुरांसाठी वेळ काढावासा वाटला. संगीत म्हणजे चैन, असं त्यांनी मानलं नाही.

पण एक सांगायलाच हवं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जुनी कामं टाकताना आपण हलगीही टाकली. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू, तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरला म्हणून वडिलांनी कानशिलात दिली होती. "पुन्हा हात लावशील तर याद राख," एवढंच बोलले. वडील चुकले असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या पाठीवर त्या आवाजाचे वळ होते त्यांना तो सूर वाटणार कसा? मात्र आज मातंग समाजातला आमचा एक मित्र हलगी शेकून, ताणून, दोन काड्यांनी जे बोल काढतो ते ऐकलं की वाटतं, गुलामी टाकताना कलाही टाकली गेली. वाद्याचा दोष नव्हता. नाही म्हणता येत नव्हतं, हा दोष होता. सुपारी स्वतः ठरवून, मान घेऊन वाजवणारा कलावंत कुणाचा वेठबिगार नाही.

गिरणीचा गोंगाट

अठराव्या वर्षी आम्ही सोलापूरला एका गिरणीत लागलो. आधी बदली म्हणून, मग साचेखात्यात कायम. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि कुणीतरी छातीवर ढकलल्यासारखं झालं. शेकडो माग, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटतोय. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ बघायचे आणि हातवारे करायचे. पाणी, बिडी, जॉबर आला, तार तुटली, सगळ्याला खुणा. आठ तास आम्ही ओरडत होतो आणि आठ तास कुणी काही ऐकत नव्हतं.

इटलीत लुइजी रुसोलो नावाचा एक चित्रकार होऊन गेला. त्यानं १९१३ साली जाहीरनामा काढला, की यंत्रांचा गोंगाट हेच आता नवं संगीत आहे. त्यानं घरघर, खरखर काढणारी यंत्रंही बनवली. कल्पना मोठी होती, संगीताच्या इतिहासात तिला जागा आहे. पण वाचताना आमच्या मनात आलं, हा गृहस्थ यंत्रांचं संगीत ऐकून घरी जात असणार. पाळी संपेपर्यंत त्याला तिथं उभं राहायचं नव्हतं.

आता यातली इतिहासाची गोष्ट ऐका. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालणार कसा? विणकामाला पगार जास्त, म्हणून ते खातं बंद. आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला आणि साचेखाते अस्पृश्य कामगारांना खुलं झालं पाहिजे, अशी मागणी लावून धरली. म्हणजे बघा, ज्या गोंगाटात आमचे कान गेले त्या गोंगाटात शिरायलासुद्धा आधीच्या पिढीला बंदी होती. तो गोंगाट हासुद्धा एक हक्क होता, भांडून मिळवलेला. म्हणून गिरणीला नुसती शिवी देणं आम्हाला जमत नाही. त्या खडखडाटावर आमच्या दोन्ही मुली शिकल्या.

आणि शांतताही कामगाराला फुकट मिळालेली नाही. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या खटपटीनं १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी भोंगा वाजायला वार नव्हता. आठवड्यातून एक दिवस भोंगा गप्प बसतो, यामागं हजारो सह्या आणि सभा आहेत, हे रविवारी उशिरापर्यंत झोपणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कान कसे जातात

आमचे कान एका दिवसात गेले नाहीत. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते, तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्या हलतात आणि मेंदूला खबर देतात. सतत मोठा आवाज बसला की त्या मोडतात आणि एकदा मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तासांच्या वर राहू नये, असं जगभरचे तज्ज्ञ मानतात. पुढच्या दर तीन डेसिबलला सोसण्याची वेळ निम्मी होते. हिशेब करत गेलात तर शंभर डेसिबलला पाव तास उरतो. मागांचा आवाज शंभरच्या आसपास जातो. आम्ही तिथं वर्षानुवर्षे उभे होतो, कानात कापसाचा बोळा घालून. कापूस मात्र भरपूर होता.

कारखान्यांच्या कायद्यात गोंगाटानं येणारा बहिरेपणा हा धंद्यातला रोग म्हणून नोंदलेला आहे. आम्हाला हे कळलं तेव्हा आमची गिरणी बंद पडली होती. कागद कुठं द्यायचा हे सांगायलाही कुणी उरलं नव्हतं. पुढं आम्ही एका सूतगिरणीत लागलो, तिथं अजून पाळ्या करतो.

या बहिरेपणाची एक खोड आहे. सगळं एकदम जात नाही, आधी बारीक, टोकदार आवाज जातात. स, श, च, फ ही अक्षरं पुसट होतात, आ, ओ, म ही शाबूत राहतात. त्यामुळं माणसाला वाटतं, समोरचा बोलतोय पण पुटपुटतोय. विहारात त्रिशरण चालू असतं तेव्हा "सरणं"मधला स आम्हाला आता ऐकू येत नाही. "गच्छामि"मधला च्छ येत नाही. पाठ आहे म्हणून ओठ हलतात, आणि आम्ही पुढं बसतो ते भन्तेजींचे ओठ दिसावेत म्हणून. मानासाठी बसतो असा काही जणांचा समज आहे, तो या निमित्तानं दूर व्हावा.

आणि पोरा, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. ऐकू कमी येतं म्हणून त्रास होत नाही, असं नसतं. खोक्यांची धडधड कानातून आली नाही तरी छातीतून आणि जमिनीतून येते. शिवाय रात्री सगळं शांत झालं की आमच्या कानात एक शिट्टी वाजत राहते. ती बाहेर कुठंच नसते. तिला बटण नाही.

धम्मातली शांतता

काही जण म्हणतील, आपण बौद्ध, आपल्याला मौनच शोभतं. हेही पुरतं खरं नाही. तिपिटकात आवाजाच्या गोष्टी किती आहेत बघा.

मज्झिम निकायात चातुम सुत्त आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याबरोबर पाचशे भिक्खू भगवंतांच्या भेटीला आले. आल्यावर भेटीगाठी, झोपायच्या जागा, पात्रं-चीवरं ठेवणं, यात मोठा कल्ला झाला. भगवंतांनी आनंदांना विचारलं, हे कोण, कोळी मासळी ओढताना ओरडावेत तसे? आणि त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. पण गोष्ट तिथं संपत नाही. चातुमेचे शाक्य पुढं आले आणि म्हणाले, यांत नवे भिक्खू आहेत, त्यांना असं टाकू नका. भगवंतांनी ते ऐकलं आणि सर्वांना पुन्हा बोलावलं. आम्हाला यातलं दुसरं पान महत्त्वाचं वाटतं. दंगा करणाऱ्या नव्या पोरांच्या बाजूनं गावातली प्रपंचातली माणसं बोलली, आणि तथागतांनी आपला निर्णय बदलला.

दुसरी गोष्ट दीघ निकायातली. राजा अजातशत्रू चांदण्या रात्री जीवकाच्या आंबराईत भगवंतांना भेटायला निघाला. जवळ आला आणि त्याच्या अंगावर काटा आला. साडेबाराशे भिक्खू बसलेत म्हणतात आणि खोकल्याचासुद्धा आवाज नाही! त्याला वाटलं, हा दगा आहे. बापाचा जीव घेऊन गादीवर बसलेला तो राजा. त्याला शांततेचीच भीती वाटली. ज्याचं मन गडबडीत आहे त्याला शांतता सोसत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं निदान आजही चुकलेलं नाही.

सम्राट अशोकानं तर चौथ्या शिलालेखात आवाजाचाच इतिहास लिहून ठेवला आहे. तो म्हणतो, भेरीघोष आता धम्मघोष झाला. भेरी म्हणजे लढाईचा नगारा. कलिंगात त्यानं तो नगारा ऐकला होता आणि त्यामागून येणारा आक्रोशही. त्यानं नगारे फोडून टाका म्हटलं नाही. घोष राहिला, फक्त तो कशासाठी हे बदललं.

अलीकडच्या काळात अमेरिकेतले संगीतकार जॉन केज झेन बौद्ध विचारानं भारावले होते. १९५१ च्या सुमारास ते हार्वर्डच्या एका खोलीत गेले, जिथं बाहेरचा कुठलाच आवाज पोचत नाही. तिथंही त्यांना दोन आवाज आले, ते त्यांच्याच शरीराचे होते. पुढं १९५२ साली त्यांनी अशी रचना केली, की वाजवणारा पियानोपुढं साडेचार मिनिटं बसतो आणि काहीच वाजवत नाही. लोकांनी एकमेकांचं खोकणं, बाहेरचा पाऊस ऐकावा, हेच संगीत. पुष्कळांनी टर उडवली. पण विपश्यनेला बसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

जमिनीचा आवाज आणि दारूचा आवाज

गोंगाट कधी इशाराही असतो. १९९२ साली किल्लारी भागात जमिनीतून गडगड ऐकू येत होती, बारीक धक्के बसत होते. लोक घाबरले, मग सवयीचे झाले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. गावं दमून झोपलेली. लातूर आणि धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आम्ही त्या वेळी सोलापुरात रात्रपाळीला होतो. मागांच्या थरथरीत जमीन हलली ते आधी कळलंच नाही. वरचे दिवे झुलायला लागले तेव्हा कुणीतरी बोट दाखवलं. रोजचा गोंगाट माणसाला मोठ्या आवाजालाही बहिरा करतो, हे आम्ही त्या पहाटे शिकलो.

आपल्या वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तिथल्या तोट्यांचा आवाज दिवाळीत, लग्नात, निवडणुकीत सगळीकडे घुमतो. आपल्यातलेही काही जण तिथं कामाला जातात. त्या आवाजावर चुली पेटतात, आणि स्फोट झाला की त्याच चुली विझतात. निवडून आलेल्या पुढाऱ्याला तो जयजयकार ऐकू येतो, दारू भरणाऱ्या बाईच्या घरी मात्र त्याच आवाजानं काळजात धस्स होतं.

कायदा काय म्हणतो आणि कुणाला म्हणतो

सन २००० मध्ये केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला बळजबरीनं ऐकवण्याचं स्वातंत्र्य नव्हे. हे आम्हाला पटतं. आजोबांच्या पिढीला बळजबरीनं ओरडायला लावलं. दुसऱ्याला बळजबरीनं ऐकायला लावणं ही त्याचीच उलटी बाजू.

पण दुसरीही गोष्ट सांगतो, नाहीतर हा लेख एकांगी होईल. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. नर्सिंग शिकत होता. कारण काय, तर त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. मोबाइलची रिंगटोन किती डेसिबलची असते? शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल एवढी. पण कुणाच्या तरी कानाला ती सोसली नाही. तेव्हा आवाज मोठा म्हणून त्रास होतो की आवाज तुमचा म्हणून त्रास होतो, हे प्रत्येक वेळी तपासून बघावं लागतं. दहा मंडळांची खोकी वाजून गेल्यावर अकराव्याला, आपल्याला, जो येऊन नियम वाचून दाखवतो, त्याला आम्हीही विचारू, की आधीच्या दहा वेळा हा कागद कुठं होता?

म्हणून पोरा, आवाज बंद कर असं आम्ही तुला म्हणणार नाही. गप्प बसायला आपल्याला शतकानुशतकं सांगितलं गेलं. ते आम्ही पुन्हा कसं सांगू? पण एवढंच विचारतो. त्या खोक्यांतून त्या रात्री जे बाहेर पडत होतं त्यातला एक तरी शब्द तुला कळला का? गाणं बाबासाहेबांचं होतं, पण धडधडीत शब्द बुडाले होते. आम्हाला अक्षरं ऐकू येत नाहीत ती कान गेल्यामुळं. तुझे कान चांगले, तरी तुलाही ऐकू आली नाहीत. आजोबांच्या तोंडी शब्द दुसऱ्याचे होते. तुझ्या तोंडी शब्द तुझे आहेत, तर ते तूच का बुडवतोस? आणि खोक्यांचं भाडं किती झालं, त्यात विहाराच्या अभ्यासिकेला किती पुस्तकं आली असती, हा हिशेब आम्ही मांडत नाही. तूच मांड, तुझं गणित चांगलं आहे.

कमिटीपुढं आमच्या तीन सूचना आहेत. येत्या जयंतीला खोकी लावायचीच तर आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरापुढं ती बंद ठेवावीत, आणि ती घरं कुठली हे पोरांनी आधी फिरून लिहून काढावं. मिरवणुकीच्या पुढं मातंग बांधवांचं हलगीपथक रीतसर सुपारी देऊन, फेटे बांधून आणावं. आणि रात्री विहारासमोर एक तास जलसा ठेवावा, बिनमाइकचा. गाणारे आपल्याच वस्तीतले. ज्याला ऐकायचं तो जवळ येऊन बसेल. आम्ही पुढच्या रांगेत बसू, ओठ दिसतील अशा बेतानं.

कमिटी काय ठरवेल ते ठरवेल. बैठकीत बोलताना मात्र सर्वांनी एकेकट्यानं आणि तोंड आमच्याकडं करून बोलावं, एवढी विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!